मदत हवी आहे: काल रात्रीचा हिरवा गोळा जुन्नर भागात अजून कुणी पाहिला का?

नमस्कार मंडळी, काल रात्री साडेदहाच्या सुमारास गव्हाला पाणी द्यायला शेतावर होतो आणि उत्तरेकडे एकदम हिरवट पांढरा गोळा पेटत खाली आला, इतका उजेड की माझी सावली वाफ्यात पडली, शेवटी दोन तुकडे झाले आणि दोनेक मिनिटांनी लांबून गडगड ऐकू आली. अंगावर काटा आला हो!

घरचे म्हणतात रॉकेट असेल, 2 एप्रिल 2022 ला विदर्भात दिसलेलं तसं, सिंदेवाहीत धातूची रिंग पडली होती तेव्हा. पण ते चिनी रॉकेटचे तुकडे रांगेनं सावकाश जात होते, हे तीन-चार सेकंदात संपलं, त्यामुळे मला तर उल्काच वाटते.

प्लीज सांगा, कुणाच्या सीसीटीव्हीत आलंय का? तुम्ही कुठून पाहिलं, कुठल्या दिशेला, किती उंचीवर? दोन-तीन गावांतनं दिशा मिळाली तर मार्ग काढता येतो. इंटरनॅशनल मीटिअर ऑर्गनायझेशनचा (उल्कांच्या नोंदी गोळा करणारी संस्था) ऑनलाइन फॉर्म कुणी भरलाय का? आणि दगड पडला असेल तर ओळखायचा कसा, आपला काळा बेसॉल्टपण लोहचुंबकाला थोडा चिकटतो ना?