मदत हवी आहे: भाताचं बी काळ्या मातीत का अडलंय? (नववीचा प्रोजेक्ट)

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी. शेतीतलं मला काही कळत नाही, माहेर सासर दोन्ही कोल्हापूर शहरातलंच, तेव्हा जरा सोप्या भाषेत सांगा. लेक नववीत आहे आणि विज्ञान प्रदर्शनाला तिनं विषय घेतलाय, वेगवेगळ्या मातीत भाताची उगवण आणि वाढ. प्रोजेक्ट तिचा पण बाल्कनी माझी, त्यामुळं चिखल कुणी पुसायचा हे वेगळं सांगायला नको.

माती चार प्रकारची जमवली. तांबडी नणंदेच्या गावची, गगनबावड्याकडची. काळी शिरोळची उसाच्या रानातली, ह्यांच्या मित्रानं पिशवी भरून दिली. तिसरी प्रयाग चिखलीकडची नदीकाठची मळीची माती आणि चौथी नुसती वाळू, शेजारी बांधकाम चाललंय तिथली, दोनदा धुऊन घेतलेली. बी इंद्रायणीचं, तेही नणंदेनंच दिलं. रात्रभर भिजवलं, प्रत्येक कुंडीत २० दाणे, बोटाच्या पेराएवढं खोल, आणि रोज सकाळी सगळ्यांना एकेक वाटी पाणी, कारण लेकीचं म्हणणं की प्रयोगात सगळ्यांना सारखंच पाहिजे.

आता गंमत बघा. पहिली उगवली वाळू! तिच्या मागोमाग तांबडी आणि मळी जवळजवळ बरोबरच. काळीत काहीच नाही. वर पाणी साचून राहायचं, संध्याकाळपर्यंत तसंच चकाकत असायचं. शेवटी मी चमच्यानं उकरून एक दाणा काढला तर त्याला मेलेला म्हणावं तर तसंही नाही, पांढराफटक दोऱ्यासारखा कोंब चांगला इंचभर वर गेलेला आणि खाली मूळ म्हणून नाहीच. मग मी लेकीला न सांगता त्या कुंडीचं पाणी कमी केलं, माती भेगाळली आणि त्या भेगांतून सात-आठ रोपं वर आली.

त्याच्या पुढं परत सगळं फिरलं. वाळूतली रोपं आता पिवळी पडायला लागलीत, मळीतली मस्त काळोखी हिरवी आहेत, तांबडीतली हिरवी आहेत पण बुटकीच राहिलीत आणि काळीतली जी काही वाचली ती पण पिवळी. पुस्तकात तर काळी माती सुपीक म्हणून दिलंय, वर्गात पण सांगितलंय की काळीच पहिली येणार, त्यामुळं लेक रडकुंडीला आलीय आणि तक्ता 'दुरुस्त' करू का म्हणून विचारतेय. तसलं काही करायचं नाही म्हणून मी दटावलंय पण कारण काय ते मलाच सांगता येईना. वाळूत तर काहीच नसतं, मग ती पहिली कशी? आणि दोन्हीकडं पिवळं पडलंय ते एकाच कारणानं का?

नादखुळा_९

ताई भात पेरलाय का तांदूळ? तांदळाला कोंब येत नसतोय, अंकुर गिरणीतच जातोय.

रंकाळाकाठ

अहो भातच आहे, सालासकट. पूर्ण वाचा की जरा 😄

भुदरगडचा_गडी

ताई, बियाला सुरवातीला मातीतलं काही लागतच न्हाई. दाण्यात जे पीठ हाय त्येच्यावर रोप दोन-तीन पानं काढतंय, शिदोरी घेऊनच आलेलं असतंय ते. तवर त्याला फक्त ओल, ऊब आणि हवा पाहिजे. वाळूत हवा लई, म्हणून ती पहिली. तिचं खतपाणी कुणी बघतंय तवा?

काळ्या मातीत तुम्ही वाटीभर पाणी ओतलं की ती फुगून गच्च होती, वर पाणी आणि खाली हवा बंद. आमच्याकडं तांबड्या रानात मे संपता संपता धूळवाफ्यात, म्हणजे पावसाआधीच्या कोरड्या मातीत, कुरीनं (पेरायच्या अवजारानं) पेरतोय, पाऊस लागला की पाणी मुरून जातंय आणि उगवण एकसारखी होती. तेच चिकण रानात पेरून वर मोठा पाऊस झाला की बी दबलंच म्हणून समजा. म्हणून तर तरवा, म्हणजे लावणीची रोपं, गादीवाफ्यावर (उंच केलेल्या वाफ्यावर) टाकत्यात, कडेनं चर काढून, पाणी थांबायला नको म्हणून. आणि रोप एकदा हाताला आलं की मग चिखल करून त्यात लावण करायची, तवा पाणी बांधून ठेवलं तरी त्याला काय होत न्हाई. पाण्यात वाढणारं पीक म्हणून बी पण पाण्यात टाकायचं, असं नसतंय.

बांधावरची_बाई

वरच्या दादांनी नेमकं सांगितलंय. मी कृषी पदवीधर आहे, थोडी भर घालते.

तुम्ही उकरून काढलेला तो दाणा म्हणजे तुमच्या प्रोजेक्टमधली सगळ्यात भारी गोष्ट आहे, फोटो काढलाय का? भाताचं बी हवा नसताना सुद्धा कोंब काढतं, गहू-ज्वारीला ते जमत नाही. कोंबाची पांढरी नळी तेवढी वर पळत सुटते, पाण्याच्या बाहेर निघून हवा गाठायला, आणि मूळ तोवर थांबून राहतं कारण मुळाला ऑक्सिजन लागतोच. नळी वेळेत वर आली तर रोप वाचतं, नाहीतर दाण्यातलं पीठ संपून तिथंच कुजतं.

आता पिवळेपणा. आधी एक बघा, पिवळं कुठून पडतंय? वाळूत खालची जुनी पानं आधी पिवळी झाली असतील, तो नत्राचा उपास. दाण्यातलं संपलं, वाळूत काही नाही, मग रोप जुन्या पानातलं नत्र काढून नव्याला देतं. काळीत मात्र वरचं नवीन पान पिवळं आणि शिरा हिरव्या असं दिसत असेल तर तो केवडा, म्हणजे लोह मिळत नाही. शिरोळच्या काळ्या मातीत बऱ्याच ठिकाणी चुनखडी असते, त्यामुळं लोह मातीत असूनही रोपाला घेता येत नाही, उसावर पण हाच केवडा येतो. तपासायला शाळेच्या लॅबमधलं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल सरांच्या समोरच थेंबभर टाका किंवा घरी व्हिनेगर, चुनखडी असली की बुडबुडे येतात. प्रदर्शनात लोकांना हेच आवडेल बघा.

तांबडी बुटकी राहण्याचं एक मोठं कारण स्फुरदाची (फॉस्फरसची) कमतरता असू शकतं. तिकडच्या धो धो पावसानं माती धुऊन आम्लधर्मी होते, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम तेवढं मागं राहतं आणि ते स्फुरद धरून ठेवतं. पानं गर्द हिरवी पण रोप ताठ, खुजं, फुटवे कमी असं दिसलं तर तेच.

एक शंका अजून. काळ्या मातीवर वाळल्यावर पांढरा थर दिसतो का? शिरोळ भागात उसाला पाणी देऊन देऊन बरीच रानं क्षारपड झालीत. भाताचं बी क्षारात बऱ्यापैकी उगवतं पण एक-दोन पानांचं रोप त्याला टिकत नाही, शेंडे करपतात. तसं असलं तर सगळं उत्तरच बदलतं.

आणि वाटीचं. सारखं पाणी म्हणजे सारखी ओल नव्हे हो. तेवढीच वाटी वाळूतून खाली निघून जाते आणि काळीत अडकते. कुंड्यांना भोकं आहेत ना?

रंकाळाकाठ

लगेच जाऊन बघून आले. वाळूत खालचीच पानं पिवळी, काळीत वरचं कोवळं पान फिकट पिवळं आणि त्यात हिरव्या रेघा, अगदी तुम्ही म्हणताय तसंच. पांढरा थर नाही, शेंडेही करपलेले नाहीत. व्हिनेगर टाकलं तर काळीत फसफसलं, तांबडीत काहीच नाही, लेक तर परत परत टाकून बाटली संपवायला लागलीय. भोकं आहेत. दाण्याचा फोटो मात्र नाही, तो तसाच परत पुरला होता.

आता हे सगळं तक्त्यात कसं बसवायचं? तिनं 'सर्वोत्तम माती' असा एकच रकाना केलाय. आणि काळीतली रोपं वाचवायला काही घालू का, का तशीच ठेवू?

बांधावरची_बाई

तो रकाना काढून टाकायला सांगा. दोन वेगळे करा, एक उगवणीचा आणि एक तीन पानांच्या नंतरच्या वाढीचा. वाळू पहिल्यात वर आणि दुसऱ्यात खाली येईल, येऊ दे.

उगवणीच्या आधी बियाची पण परीक्षा घ्या. १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि मोड किती आले मोजा, प्रमाणित बियाण्याला किमान ८० टक्के उगवण लागते. ते नसलं तर दोष मातीचा का बियाचा हे परीक्षक विचारणारच. शिवाय एका मातीची एकच कुंडी नको, निदान तीन करा.

काळीतल्या रोपांना काही घालू नका, प्रयोग करा. अर्ध्या रोपांची माती न झाडता दुसऱ्या भांड्यात हलवा, भांड्याला भोक असेल तर मेणानं बुजवा आणि दोन बोटं पाणी उभं ठेवा. उरलेली आहेत तशीच. पाणी उभं राहिलं की मातीतली हवा संपते आणि न विरघळणारं लोह विरघळायला लागतं, आठ-पंधरा दिवसांत येणारं नवीन पान हिरवं निघायला पाहिजे. म्हणजे ज्या साचलेल्या पाण्यानं बी अडवलं तेच पाणी आता रोपाला लोह देतंय, हे दोन भांडी शेजारी ठेवून दाखवता येईल.

भुदरगडचा_गडी

आणि नाहीच हिरवी झाली तर हिराकस (लोहाचं खत, फेरस सल्फेट) लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी फवारा. पण एकाच रोपावर, बाकीची तशीच ठेवा, म्हणजे फरक कळतोय. फवारताना बाल्कनीच्या फरशीवर कागद टाका वहिनी, हिराकसचा डाग सहजासहजी निघत न्हाई.