अनुभव धागा : तुमची सुरत कोणती?

खानदेशात सुरतेबद्दल मत नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. पुण्या-मुंबईच्या माणसाला सुरत म्हटलं की महाराजांची स्वारी आणि इंग्रजांची वखार आठवते. आमच्याकडे पहिला प्रश्न येतो, "तुमनं कोन शे तठे?" आणि कुणीतरी असतंच. उधन्याला मामा, लिंबायतला आतेभाऊ, डिंडोलीला चुलत सासरे.

हे नातं लूमच्या (यंत्रमागाच्या) कामामुळे जुळलं असं आपण धरून चालतो, पण ते बरंच जुनं आहे. मोगलाईत सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारा रस्ता नंदुरबार, थाळनेरवरून होता. इंग्रजांचा राजदूत टॉमस रो १६१५ साली सुरतेला उतरला आणि बादशहाच्या भेटीला निघाला तो बुऱ्हाणपूरच्याच वाटेने. धरणगावात इंग्रजांची वखार होती, इथलं कापड सुरतेला आणि तिथून जहाजात जायचं. पुढे त्याच बाजूने ताप्ती व्हॅली रेल्वे आली आणि मालाच्या जागी माणसं जायला लागली.

एवढी जवळीक असून दोन खानदेशी माणसांचं सुरतेवर एकमत होत नाही. चार दिवस फिरून आलेला म्हणतो, गर्दी, गोंगाट, बघायला आहे काय? तिथे हयात काढलेला म्हणतो, तुम्ही पाहिलंत काय? अस्सल सुरती दोघांना घारी ही तिथली मिठाई खायला घालतो आणि गप्प बसवतो. म्हणून हा धागा. पाहुणे म्हणून गेलेले, पोटासाठी गेलेले, तिथेच जन्मलेले, परत आलेले, सगळ्यांनी लिहा. गाव सांगा, नाव नको. "सुरत छान आहे" एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या.

नंदुरबार, शाळेत इतिहास शिकवतो

सहलीला मुलांना सुरतेला नेतो. मुलांच्या डोक्यात चौथीच्या पुस्तकातली सुरत असते. सावकार वीरजी व्होराची हवेली, किल्ल्यात दडून बसलेला मोगल अधिकारी इनायतखान. चौक बाजारचा किल्ला बघून हमखास विचारतात, "सर, एवढासाच?" मग सांगावं लागतं की खुदावंदखानाने १५४० च्या दशकात तो बांधला तो पोर्तुगीजांची गलबतं तापीतून आत घुसू नयेत म्हणून. त्याचा सारा रोख नदीकडे. १६६४ च्या जानेवारीत संकट आलं जमिनीवरून, आणि शहराला तेव्हा धड तटबंदीही नव्हती.

खरी मजा कतारगाम दरवाजाच्या इंग्रज कबरस्तानात. तिथे ऑक्झेंडन बंधूंची दोन मजली घुमटाची कबर आहे, नवख्याला दर्गाच वाटेल. त्यातला जॉर्ज ऑक्झेंडन म्हणजे १६६४ ला इंग्रजांची वखार लढवणारा. मुलं बुचकळ्यात पडतात. इतक्या दूर येऊन मेलेल्या व्यापाऱ्याला एवढी मोठी इमारत कशाला? इंग्रज आणि डच सुरतेत एकमेकांना माल आणि पैशाचा तोरा तर दाखवतच होते, मेल्यावरही थाटात मागे राहायचं नव्हतं त्यांना. जवळच्या डच कबरस्तानात व्हान रीड या डच अधिकाऱ्याची कबर बघा, म्हणजे पटेल. शेजारी राहणाऱ्या एका गृहस्थांना विचारलं, ही कुणाची? ते म्हणाले, "कुणा गोऱ्याची असेल. आमचा क्रिकेटचा चेंडू आत गेला की वॉचमन ओरडायचा, एवढं ठाऊक आहे."

लिंबायत, सुरत (मूळ शिंदखेडा तालुका)

वरच्या सरांचा किल्ला मी सिटी बसमधून पाहिलाय. आत कधी गेले नाही, आणि आमच्या गल्लीतल्या बायांपैकी कुणी गेल्याचं ऐकलं नाही.

माझा जन्म सुरतेचा. वडील खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, लूम चालवायचे, बारा तासांची पाळी. आई घरी साडीला स्टोन लावायची. शाळेतून आलो की आम्ही बहिणी तिच्या शेजारी बसायचो, एका हाताला गोंद, एका हाताला टिकल्यांची डबी. पैसे नगावर. माल नेणारा स्टोन सुटल्याचं सांगून पैसे कापायचा. आई अहिराणीतून त्याचा उद्धार करायची, तो सुरती गुजरातीतून, आणि सुरती गुजरातीत शिवी हे विरामचिन्ह असतं. दुसऱ्या दिवशी दोघं ओट्यावर चहा पीत हिशेब करायचे.

गावाकडचे पाहुणे येतात. त्यांना डुमसचा समुद्रकिनारा पाहिजे, टमाट्याची भजी पाहिजे, मोठमोठे पूल आणि मॉल पाहिजेत. "सुरत किती सुधरी गयं!" आमच्या गल्लीत शिरले की नाकाला रुमाल. मनात येतं, तुमच्या लग्नाचा बस्ता याच गल्लीतून जातो, तेव्हा वास येत नाही.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमची खानदेशी देवी कानबाई बसते. त्या दिवशी लिंबायत, उधना, डिंडोलीला या. मिरवणुका बघून तुम्हाला धुळ्यात आहात की गुजरातेत कळायचं नाही. आम्ही रोटांना, म्हणजे कानबाईच्या सणाला, गावी गेलो की भावकी म्हणते, सुरतवाली उनी. सुरतेच्या शाळेत बाई म्हणायच्या, मराठी मुली मागे बसा. कानबाई मात्र दोन्हीकडे एकच.

धुळे

लोचो खाल्ला. खमण बिघडलं तेव्हा लोचो जन्मला असं त्यांचेच लोक सांगतात. खोटं वाटलं नाही.

जळगाव (माहेर गोपीपुरा, सुरत)

मी मूळ सुरतेची, गुजराती. मराठी लग्नानंतर शिकले, सांभाळून घ्या. आधी धुळ्याच्या भाऊंना: लोचो गरम खायचा असतो, वर तेल, शेव आणि कांदा घालून. थंड खाल्लात, त्याला आम्ही काय करणार?

आमच्याकडे म्हण आहे, "सुरतनुं जमण ने काशीनुं मरण". पाहुण्यांना यातलं जमण, म्हणजे जेवण, तेवढं कळतं. रविवारी संध्याकाळी सगळं शहर फुटपाथवर सतरंजी टाकून डबे उघडतं, ते बघून जळगावचे माझे दीर म्हणाले, यांना घर नाही का? पण थंडीत पोंक आला की हेच दीर गाडी काढतात. कोवळ्या ज्वारीचे दाणे, लिंबू-मिरीची शेव, वर साखरेचे दाणे. खानदेशात तुम्ही हुरडा खाता तो वेगळा काय असतो? चटणी तुमची तिखट, एवढंच.

माझी तक्रार इतिहासवाल्यांशी आहे. महाराष्ट्रातून कुणी आलं की दोनच गोष्टी विचारतं, महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या. माझ्या आजीच्या तोंडी त्यातलं एकही साल नव्हतं. तिच्या गोष्टींत १८३७ ची आग होती, ती तिच्याही आजीकडून आलेली, आणि १९६८ चा पूर होता, तो तिने गच्चीत बसून काढलेला. शहर काय लक्षात ठेवतं ते शहरालाच ठरवू द्या की! एवढं मोठं बंदर होतं, मक्केला जाणारे यात्रेकरू इथून जहाजात बसायचे. त्यांच्यासाठी शाहजहानच्या काळात बांधलेली सराई आजही उभी आहे. मुगलीसरा म्हणतात. महापालिकेचं ऑफिस आहे तिथे. सुरती माणूस तिथे घरपट्टी भरायला जातो, पाहुणा बाहेरून फोटो काढतो.

अमळनेर, आता शेती करतो

मी सुरत पाहायला गेलो नव्हतो, आणि सोडून आलो ते पळून आलो. सप्टेंबर १९९४.

वेड रोडकडच्या एका खात्यात रातपाळीला होतो. आधी पाऊस आणि पूर झाला. पाणी ओसरलं, चिखल राहिला, मेलेली जनावरं राहिली. मग एका रात्री खात्यात कुणीतरी सांगत आलं की माणसं मरताहेत, प्लेग आहे. सकाळी शेठ आलाच नाही. पगार त्याच्याकडे अडकला तो अडकलाच. टेट्रासायक्लीनची गोळी कुठल्याही दुकानात मिळेना. डॉक्टरांचे दवाखाने बंद. त्यांचं कुलूप बघून जेवढी भीती वाटली तेवढी रोगाची वाटली नव्हती.

स्टेशनात तोंडाला रुमाल बांधलेली माणसंच माणसं. भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत उभं राहायला जागा नव्हती आणि तरी कुणी कुणाला चिकटायला तयार नव्हतं. व्यारा, नवापूर, नंदुरबार, प्रत्येक ठेसनाला लोक खिडकीपासून लांब उभे राहून आमच्याकडे बघायचे. गावी पोचलो तर पाटलाने शिवेवरच सांगितलं, खळ्यात राहा. आई भाकरी बांधावर ठेवायची आणि मागे सरकायची. मला राग आला नाही. माझ्याही मनात तेच असतं.

काही महिन्यांनी पुन्हा गेलो, दुसरं काय करणार होतो? तेव्हा एस. आर. राव नावाचे आयुक्त आले होते, १९९५ ला. रात्री रस्ते झाडायला लागले, ज्या गटारीवर आम्ही फळी टाकून खोलीत जायचो ती साफ झाली, मोठ्यामोठ्यांची वाढीव बांधकामं पडली. सुरती माणूस आधी कुरकुरला, मग त्यांचं कौतुक करायला लागला. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरबरोबर पहिली आली तेव्हा माझा पुतण्या तिथून फोनवर छाती फुगवून सांगत होता. मी म्हटलं, चांगलंच आहे रे. त्याला ती गटार सांगून काय उपयोग!

इथे लिहिणारे "स्वच्छ शहर" आणि "घाणेरडं शहर" म्हणून भांडतात. कोणत्या सालचं, ते आधी लिहावं.

भुसावळ, रेल्वेतून निवृत्त

अमळनेरच्या भाऊंना नमस्कार. पुराचं मी सांगतो. आमची मुलगी सुरतेला अडाजणला. इथल्या तापीवरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की मी आधी तिला फोन लावतो, चहा नंतर. जावई हसायचे, "बाबा, मध्ये उकाई धरण आहे." ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतूनच पाणी सोडावं लागलं आणि अडाजण, रांदेरपर्यंत घरं बुडाली. मुलीचं बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर, म्हणून वाचलं. खालच्या मजल्यावरचे नवीन आलेले लोक होते, बाहेरगावचे. जुना सुरती तळमजला घेताना पूररेषा विचारतो. आता जावईच मला फोन करून विचारतात, "तिकडे पाऊस किती?"

नवापूर तालुका

भुसावळच्या काकांनी उकाईचं नाव काढलं म्हणून. १९७२ ला धरण झालं, त्याच्या पाण्यात आमच्या तालुक्यातली जमीन गेली, आजोबांचीही. मला सुरतेत नोकरी लागली तेव्हा ते एकदाही तिथे आले नाहीत. मी बोलावणंही सोडून दिलं.

आता सुरतेचे लोकच शनिवारी-रविवारी नवापूरला येतात. कशाला येतात ते गुजरातेत दारूबंदी आहे हे माहीत असलेल्यांना सांगायला नको.

धुळे (लोचोवालाच)

जळगावच्या ताई, पुढच्या वेळी गरम खाईन. पण मला सांगा, बंदर आहे कुठे? आम्ही मित्र बाईकवर गेलो, किल्ल्यामागे नदी दिसली, जहाज एकही नाही.

नंदुरबार, इतिहासवाले सर

तुम्ही बरोबर जागी होतात, फक्त मोठी जहाजं तिथे येतच नव्हती. तापीचं मुख गाळाने उथळ, म्हणून ती बाहेर सुवाळीला नांगर टाकायची आणि माल छोट्या होड्यांतून किंवा बैलगाड्यांवरून शहरात यायचा. इंग्रज-पोर्तुगीजांची १६१२ ची लढाई सुवाळीचीच. पुढे मुंबई वाढली आणि सुरतेचा समुद्रावरचा व्यापार तिकडे गेला. आत्ताची मोठी जहाजं बघायची तर हजिरा. पण तिथे कारखाने आणि कुंपणं, आत कोण सोडतंय?

चोपडा

मी इथे अनुभव सांगायला नाही, विचारायला आलोय. दिवाळीनंतर सुरतेला जातोय, एम्ब्रॉयडरी मशीनवर काम मिळतंय. ओळखीचं कुणी नाही. खोली कुठे बघू?

लिंबायत, सुरत

दादा, खात्याची जागा आधी विचारा, मग खोली. कामावरून रात्री पायी येता आलं पाहिजे. डिंडोली, नवागामकडे खानदेशी घरमालक भरपूर आहेत, पण भाडेकरार लिहून घ्या, आपलाच माणूस आहे म्हणून सोडू नका. खोली तळमजल्याची असेल तर शेजाऱ्यांना मीठी खाडीचं पाणी कुठवर येतं ते विचारा, घरमालकाला नको. गाडीने आलात तर सुरतेपर्यंत जाऊ नका, उधन्यालाच उतरा.