मेमध्ये अंगणातलं लग्न, १८० पानं: कोकण आणि विदर्भ एका पंगतीत कसं बसवावं?

कुंभार्ली_घाट

नमस्कार मंडळी. माझं लग्न मेच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याच अंगणात आहे, चिपळूणपासून अर्ध्या तासावरच्या गावी. मुहूर्त दुपारी साडेबाराच्या सुमाराचा. मुलगा वर्ध्याचा. दोन्हीकडची मिळून १८० माणसं. त्यातली साठेक विदर्भ एक्सप्रेसने मुंबई आणि तिथून कोकण रेल्वेने येतील, म्हणजे आदल्या संध्याकाळीच घरी पोचतील.

गाडी अडलीय ती जेवणापाशी. बाबांनी एका केटररची यादी आणली. दोन पनीरच्या भाज्या, मंचुरियन, पास्ता, चाटचे चार प्रकार, तीन गोडं, वर आइस्क्रीम. यादी वाचताना सारखं वाटत राहिलं की हे कुणाचंही लग्न असू शकतं. यातला एक पदार्थ आमच्या चुलीवर कधी शिजलेला नाही आणि त्यांच्याही नाही.

मला पंगत हवी आहे, केळीच्या पानावर. पदार्थ थोडे, पण प्रत्येक पदार्थ दोन घरांपैकी कुणाच्या तरी हातचा. आजीची फणसाच्या कुयरीची भाजी आणि आंबेडाळ. आमच्या कलमांच्या हापूसचा रस. आणि होणाऱ्या सासूबाईंचा गोळाभात, म्हणजे चण्याच्या डाळीच्या भरड्याचे गोळे घातलेला भात. पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांनी माझ्या भातावर दोन गोळे कुस्करले, वर हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी ओतली, शेजारी कढीची वाटी ठेवली आणि मी जेवून होईपर्यंत समोर बसून राहिल्या. तो भात माझ्या माणसांनी खावा असं मला मनापासून वाटतं.

बाबा म्हणतात, "एवढ्या लांबून माणसं येणार आणि आपण त्यांना भात-भाजी वाढणार?" त्यांची काळजी मला समजते, म्हणून इथे विचारते. गोळाभात १८० माणसांना जमतो का? रस मेच्या उन्हात दोन तास राहील का? माझ्या पुण्याच्या मैत्रिणी आणि लहान मुलं पोटभर जेवतील का?

दापोलीची_काकू

अगं, जमेल सगळं. मी आमच्या भागात लग्नामुंजीच्या ऑर्डरी करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी फणस. मेच्या दुसऱ्या आठवड्यात कोवळी कुयरी मिळेल या भरवशावर राहू नकोस, तोवर फणस जून होतात. त्याऐवजी कच्च्या गऱ्यांची भाजी कर, आठळ्यांसकट. मोहरी, सुकी मिरची, हळद, थोडा गूळ आणि वरून भरपूर ओलं खोबरं. आजी नाही म्हणणार नाहीत, उलट खूश होतील. फणस फोडणं आणि गरे निवडणं हे मात्र आदल्या संध्याकाळचं काम. वाडीतल्या चारपाच बायका, कोयत्यांना आणि हातांना खोबरेल तेल, आणि खाली जुनी वर्तमानपत्रं. चीक कपड्यांना लागला तर निघत नाही, तेव्हा नव्या साड्या नेसून कुणाला बसू देऊ नका. आठळ्या सोलून वेगळ्या उकडा, गऱ्यांबरोबर टाकल्या तर गरे गळून जातात आणि आठळी कच्चीच राहते.

आता रस. तुमची स्वतःची कलमं आहेत, यासारखं दुसरं सुख नाही. मध्यम फळ धर, माणशी दोन, म्हणजे तीस डझन. पाचसहा डझन वरचे ठेव, कारण काहींच्या आत साका, म्हणजे खराब झालेला पांढरट गर निघतो आणि ते कापल्याशिवाय कळत नाही. तयार फळ दहाबारा दिवस आधी उतरवून पिकायला गवतात अढी लावा. एकदम सगळी लावू नका, दोनतीन दिवसांच्या अंतराने दोन अढ्या लावा. हवा कशी पडेल सांगता येत नाही, एक पुढेमागे झाली तर दुसरी हाताशी राहते. रस सकाळी नऊनंतर काढायचा, त्याआधी नाही. आंबे आदल्या रात्रीच पाण्यात घालू नका, सकाळी तासभर पुरे. पातेली मोठ्या घमेल्यात बर्फावर ठेवायची आणि वरून ओलं फडकं. बर्फ रसात टाकायचा नाही, चव पातळ होते आणि तो बर्फ कुठल्या पाण्याचा हे आपल्याला माहीत नसतं. एका वेळी एकच पातेलं पंगतीत न्या. किंचित मीठ, वाढताना चमचाभर तूप. विदर्भाकडची मंडळी रस-पुरीला मानतातच, त्यामुळे तुझ्या बाबांना सांग की पाहुण्यांना आंब्याच्या मुलखात बोलावून आंबा पोटभर वाढणं याहून मोठा मान नाही. रस असताना दुसरं गोड करू नकोस. जिलबी ठेवलीस तर ना धड रस संपतो ना जिलबी.

सोलकढीचा मोह टाळ. नारळाचं दूध मेमध्ये दोन तासांत उतरतं, आणि गोळाभाताला ताकाची कढी लागणारच आहे. एका पानात दोन कढ्या कशाला? कोकमाच्या आगळाचं सरबत आल्या आल्या सगळ्यांच्या हातात द्या.

आणि केळीचं पान हवंच. आपल्याकडे पाऊस एवढा पडतो, पण मेमध्ये विहिरी तळाला जातात. १८० ताटं धुवायला पाणी आणणार कुठून? पानं सकाळी कापून, ओल्या फडक्याने पुसून, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा.

वर्धा_जंक्शन

ताई, गोळाभाताचं मी सांगतो. आमच्या घरी आई आणि दोन्ही काकू मोठ्या पंगतीला करतात, मी हाताखाली असतो.

घरच्यासारखं अर्धवट शिजलेल्या भातावर गोळे ठेवायला जाऊ नका. मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, खालचा भात लागतो आणि मधले गोळे पिचतात. भात वेगळा, मोकळा शिजवा. गोळे वेगळे वाफवा, इडलीच्या मोठ्या भांड्यात किंवा चाळणीवर. चण्याच्या डाळीचा भरडा जाडसर हवा, रव्याइतका. बारीक पीठ झालं की गोळा घट्ट होतो आणि घशात अडकतो. तिखट, हळद, जिरं, मीठ आणि तेलाचं मोहन सढळ हाताने. माणशी दोन गोळे धरले तर सातआठ किलो भरडा पुरे. भरडा वर्ध्याहूनच येऊ द्या. तुमच्या सासूबाईंना आपल्या गिरणीचा भरडा हाताला ओळखीचा असतो, ऐनवेळी नवीन ठिकाणी दळून घ्यायची जोखीम त्यांना नको.

खरी चव फोडणीच्या तेलाची. तेल, मोहरी, हिंग, सुक्या मिरच्या. हे तेल वाढणारा माणूस वेगळाच ठेवा आणि तो आमच्याकडचा असू द्या. "आणखी घ्या" म्हणत तो जे फिरेल, त्यात तुमच्या कोकणातल्या माणसांना तो भात कसा खायचा हे आपोआप कळेल.

दुसरी गोष्ट तिखटाची. आमच्या लोकांना तुमचं जेवण गोडसर वाटू शकतं. भाज्यांमध्ये बदल करू नका, आजींची भाजी आजींसारखीच राहू द्या. पानाच्या डाव्या बाजूला हिरव्या मिरचीचा ठेचा वाढा, बस्स.

आणि आदल्या रात्रीचं विचारलं नाही तरी सांगतो, कारण ते जेवण आमच्यासाठी लग्नाच्या जेवणाइतकंच महत्त्वाचं आहे. रात्रभर एका गाडीत आणि दिवसा दुसऱ्या गाडीत बसून आलेल्या माणसाला पंचपक्वान्न नको असतं. कुळथाचं पिठलं, गरम भात, पोह्याचा पापड, तूप. पिठलं आम्हाला घरचं, कुळीथ तेवढा नवा. त्या एका जेवणात दोन्ही घरांची ओळख होऊन जाईल. आंघोळीला गरम पाणी मात्र तयार ठेवा.

पुण्याचा_मामा

माझं थोडं वेगळं मत आहे. पंगत सुंदरच, पण सगळ्यांना खाली बसवू नका. आमच्या घरच्या कार्यात वयस्कर मंडळींना गुडघ्यांमुळे पाटावर बसवेना आणि तसं सांगायचा त्यांना संकोच वाटत होता. तीसेक जणांसाठी टेबलं-खुर्च्या मांडा, तीही पंगतीच्या ओळीतच, बाजूला कोपऱ्यात नाही.

लहान मुलांसाठी साडेअकराला वेगळं पान मांडा. मुहूर्त साडेबाराचा म्हटलं की अक्षता पडून पहिली पंगत बसेपर्यंत दीड वाजतो. तोवर मुलं आणि मधुमेह असलेली माणसं कळवळतात. वरणभात-तूप, पुरी, बटाट्याची पिवळी भाजी, रस. या पानावर जेवायला कुठलंही मूल कुरकुरणार नाही.

मैत्रिणींची काळजी सोड. पुण्यात त्यांना पास्ता रोज मिळतो. फणसाची भाजी आठळ्यांसकट त्यांना कोण वाढणार आहे? फक्त तळलेलं, कुरकुरीत असं एक काहीतरी पानात हवं. कोथिंबीर वडी घे. बटाट्याची भाजी आणि वडी या दोन गोष्टींवर नवखा माणूस तरून जातो, बाकीचं चाखत राहतो.

आइस्क्रीम मात्र मी ठेवलं असतं. मे महिना आहे, पाहुणे खूश होतील.

दापोलीची_काकू

मामा, खुर्च्यांचं आणि मुलांच्या पानाचं अगदी बरोबर. आइस्क्रीमला माझा विरोध आहे. गावात दुपारी वीज जाते, फ्रीझरची गाडी उभी ठेवायला वेगळे पैसे, आणि रसावर आइस्क्रीम खाऊन माणसं सुस्तावतात. त्या पैशात अस्सल गावठी तूप येईल.

कुंभार्ली_घाट

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा सगळा धागा बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. आंब्याच्या मुलखाचं वाक्य त्यांनी परत वाचायला लावलं. केटररला नको म्हणून कळवलंय.

आता ठरलं ते असं. डावीकडे मीठ, लिंबू, आंबेडाळ, ठेचा, काकडीची कोशिंबीर. उजवीकडे गऱ्यांची भाजी, बटाट्याची पिवळी भाजी, वर कोथिंबीर वडी. पहिला वरणभात, मग पुरी आणि रस, मग गोळाभात-कढी. शेवटी ताक, ज्यांना हवं त्यांना. आदल्या रात्री कुळथाचं पिठलं, आणि ते आई स्वतः करणार आहे. आजीने कुयरीचा हट्ट सोडला, पण गऱ्यांच्या भाजीला गूळ किती हे तीच सांगणार.

सासूबाईंना फोन केला. आधी म्हणाल्या, "लग्नात कुठं गोळाभात करतात का, बुंदी करा." पाच मिनिटांनी त्यांचाच परत फोन आला, भरडा किती किलो आणू म्हणून.

एक अडचण उरली आहे. आचारी कसा ठरवायचा? पानामागे दर, की मजुरीवर?

दापोलीची_काकू

मजुरीवर. शिधा तुमचा, आचारी आणि त्याचे मदतनीस त्याचे. आंबे, फणस, भरडा सगळं घरचं असताना पानामागे दर देण्यात काही अर्थ नाही. बोलणी करताना तीन गोष्टी स्पष्ट विचार: गॅसच्या शेगड्या आणि मोठी पातेली त्याची की भाड्याने आणायची, वाढपी किती देणार, आणि तिसऱ्या पंगतीच्या पुऱ्या तो तेव्हाच तळणार की सगळ्या सकाळीच तळून ठेवणार. सकाळी तळून ठेवतो म्हणाला तर दुसरा आचारी बघ. माणशी पाच धरल्या तरी ९०० पुऱ्या होतात, त्या पंगत बसली की कढईतून थेट पानावर यायला हव्यात. साठ-साठच्या तीन पंगती कर, एकेका पंगतीला आठ वाढपी. त्यातले चार घरचे ठेव. भाऊ, मामेभाऊ, नवऱ्याचे मित्र, कुणीही चालेल. भात आणि रस घरच्या माणसाने वाढावा, कारण आग्रह पगारी माणसाला जमत नाही.

आणि तुझी नि नवऱ्याची पानं तिसऱ्या पंगतीला मांडतील, त्याआधी अकराच्या सुमाराला काहीतरी खाऊन घे.

वर्धा_जंक्शन

कढीचं दही आदल्या दिवशी ताजंच लावा. उन्हाळ्यात आंबट झालेल्या दह्याची कढी फुटते. बेसन आधी दह्यात घोटून घ्या, मग पाणी घाला आणि पहिली उकळी येईपर्यंत डाव हलवत राहा. एवढ्या मोठ्या पातेल्याला एक माणूस फक्त त्याच कामाला लागतो.