मदत हवी आहे: अम्मा रात्रभर कॅन्सरचे व्हिडिओ बघते

नमस्कार. आम्ही सोलापूरचे, पूर्व भागातले. अम्मा ५४ वर्षांची, सगळा जन्म विड्या वळण्यात गेला. जानेवारीत स्तनाचा कॅन्सर निघाला, रिपोर्टमध्ये 'ट्रिपल निगेटिव्ह'. केमो चालू आहे.

रात्री तिला झोप नसते. मग उशाशी मोबाईल आणि यूट्यूब. एक व्हिडिओ पाहिला की तसलेच दहा पुढ्यात येतात. शिवाय करीमनगरचे नातेवाईक तेलुगूतले पाठवतात, ते वेगळेच. आधी साखर बंद झाली, मग दूध. मामानं कुठून तरी लक्ष्मणफळ आणलं. वजन चार किलो उतरलंय. लिंबू-हळद-कडुनिंबाच्या आहारानं बायकोचा कॅन्सर बरा झाला म्हणणारी नवज्योतसिंग सिद्धूंची २०२४ ची क्लिप अजून फिरतेय. याला पुरावा नाही असं टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी कॅन्सरतज्ज्ञांनी सह्यांचं पत्रक काढलं होतं, पण ते अम्माला कुणी फॉरवर्ड केलं नाही!

परवा तिनं विचारलं, "त्या व्हिडिओतल्या बाईला पाच वर्षं गोळी दिलीय. मला का नाही? आपल्याकडं पैसे नाहीत म्हणून?" मला उत्तर देता आलं नाही. ओपीडीत पाच मिनिटं मिळतात, त्यात अम्मा गप्प बसते. मी विषय काढला तर "मोबाईल बघू नका" एवढंच ऐकायला मिळालं.

मोबाईल काढून घेऊ का? आणि मराठीत किंवा तेलुगूत *ऐकता* येईल असं खात्रीचं काही आहे का? वाचणं तिला जड जातं.

बार्शीकर: ताई, मोबाईल काढू नका. मी वडिलांचा काढला, तर ते शेजारच्या पोराच्या मोबाईलवर बघायला लागले, आणि मला सांगणंच बंद केलं.

गोळीचं आधी सांगा, ते मनाला लागलेलं आहे. ती गोळी हार्मोनवर वाढणाऱ्या कॅन्सरसाठी असते, म्हणजे रिपोर्टवर ईआर किंवा पीआर (हार्मोन धरणाऱ्या खुणा) पॉझिटिव्ह हवं. अम्मांचं दोन्ही निगेटिव्ह, तिसरी खूण हर-टू (एक प्रथिन) तीसुद्धा, म्हणूनच 'ट्रिपल निगेटिव्ह'. पैशाचा काही संबंध नाही. त्या बाई खोटं बोलत नाहीत, त्यांचा आजार वेगळ्या जातीचा आहे. साखर सोडून कॅन्सर उपाशी मरत नाही, शरीर भाकरीतूनही साखर करतं. उपाशी पेशंटच राहतो. वजनाचं आणि लक्ष्मणफळाचं डॉक्टरांना नक्की सांगा. त्या फळाचे दाखले प्रयोगशाळेतले आहेत, पेशंटवरचे नाहीत.

ऐकायचं तर टाटा मेमोरियलच्या यूट्यूब चॅनलपासून सुरुवात करा, पण शेजारी बसून. आणि केमो लागलेली असताना सिस्टरना गाठा, तेव्हा निवांत वेळ असतो. सोलापुरात तेलुगू बोलणारी सिस्टर शोधावी लागणार नाही. अम्मांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून न्या.

धागाकर्ती: गोळीचं सांगितलं. बराच वेळ गप्प होती, मग चहात साखर घाल म्हणाली.

काल वहीत चार प्रश्न लिहिले. पहिला: "बोटांची टोकं बधिर झालीत, विडीला दोरा बांधता येईल का परत?" इतके व्हिडिओ बघितले, हे कुठंच नव्हतं म्हणते. सिस्टर म्हणाल्या, केमोमुळं होतं, डॉक्टरांना सांगा. बुधवारी विचारणार आहे. इथं कुणाच्या बोटांना असं झालं होतं का? किती दिवसांनी सुटलं?