इंटर्नशिपला विद्यार्थीच मिळत नाहीत, मदत हवी आहे (अमेरिका, कम्युनिटी कॉलेज)

ओसरी
नमस्कार. मी इथे एका कम्युनिटी कॉलेजात (शाळेनंतरचं दोन वर्षांचं कॉलेज) काम करते. इंटर्नशिपचं सगळं आता माझ्याकडे आहे आणि डीनना पुढच्या सेमिस्टरचे आकडे लवकर हवेत. कंपन्या मिळवल्या, जागा आहेत. पोस्टर लावली, ईमेल पाठवल्या, वर्गावर्गात जाऊन बोलले, तरी अर्ज जवळजवळ नाहीतच. मुलांना गोडी कशी लावायची? असं काम केलेलं कुणी असेल तर पटकन सांगा. 'लिंक्डइनवर टाका' हे कृपया नको, ते झालंय.

कोकणकडा
विषय कोणता? पगार आहे की नाही? क्रेडिट? एवढ्यावर काय सांगणार?

मधली सुट्टी
मुलांना रेझ्युमे लिहिता येत नाही आणि त्या भीतीनेच ती अर्ज करत नाहीत. मी आमच्याकडे रेझ्युमेची कार्यशाळा घेते, शेवटी तिथेच बसून अर्ज भरून घेते. आधी ती घ्या, बाकीचं नंतर बघा.

ओसरी
@कोकणकडा अकाउंटिंग आणि आयटी, दोन वर्षांची असोसिएट डिग्री. 3 क्रेडिट मिळतात, मग पगाराचा प्रश्न कुठे येतो?
@मधली सुट्टी ती कार्यशाळा झाली. मुलं आली, रेझ्युमे करून घेतले, अर्ज मात्र नाही केला.

तळटीप
म्हणजे बिनपगारी. त्या 3 क्रेडिटची फी कोण भरतं? आणि कामाच्या वेळा काय?

ओसरी
फी विद्यार्थीच भरतात, इतर विषयांसारखी. वेळा ऑफिसच्या, सोमवार ते शुक्रवार दिवसा. कंपन्यांना तशाच हव्यात.

तळटीप
ताई, मग गोडीचा प्रश्नच नाही. मी बरीच वर्षं हेच काम केलंय, म्हणून कळकळीने सांगतो. कम्युनिटी कॉलेजातली पुष्कळ मुलं आधीच नोकरी करत असतात. कुणी दुकानात काउंटरवर, कुणी गोदामात, कुणाला घरी लहान मूल. त्यांना तुम्ही म्हणताय की दिवसाची पाळी सोडा, तो पगार बुडवा, वर क्रेडिटची फी भरा आणि फुकट काम करा. ज्याला घरभाडं भरायचंय तो अर्ज करणारच नाही. रेझ्युमे करायला आली म्हणजे इच्छा आहे त्यांची.

दुसरं, या खाजगी, नफा कमावणाऱ्या कंपन्या आहेत का? असतील तर क्रेडिट दिलं म्हणून बिनपगारी काम आपोआप कायदेशीर होत नाही. कामगार खात्याने जानेवारी 2018 पासून 7 मुद्द्यांची कसोटी लावली आहे. खरा फायदा कुणाचा, विद्यार्थ्याचा की कंपनीचा? काम शिक्षणाला धरून आहे का? पगारी माणसाच्या जागी त्याला बसवलंय का? असे मुद्दे असतात. एकाच मुद्द्यावर निकाल लागत नाही, सगळे मिळून बघतात. पण इंटर्नकडून रोजची बिलंच एंटर करून घेणार असतील, तर तो कर्मचारी ठरण्याची शक्यता मोठी, आणि तसा ठरला तर त्याला किमान वेतन द्यावं लागेल.

धोपटमार्ग
तळटीप, मला हे पटत नाही. मी बिनपगारी इंटर्नशिप केली, शनिवार-रविवार दुसरीकडे काम केलं आणि त्यातूनच पहिली नोकरी मिळाली. पगाराचा आग्रह धरलात तर लहान कंपन्या नको म्हणतील आणि मुलांच्या हातची संधी जाईल.

तळटीप
तुम्ही केलंत, त्याचा आदरच आहे. पण ज्यांना ते झेपलं नाही त्यांनी अर्जच केला नाही, म्हणून ती तुम्हाला दिसली नाहीत. कॉलेजने चालवलेला कार्यक्रम त्यांच्यासाठीही असायला हवा.

वाटाड्या
एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर आधी सीपीटी (शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायची परवानगी) घ्या. त्यासाठी एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झालेलं लागतं आणि काम सुरू होण्याआधी आय-20 वर (कॉलेज देतं तो व्हिसाचा कागद) नोंद हवी. पूर्णवेळ सीपीटी 12 महिने केली तर त्या पातळीच्या डिग्रीची ओपीटी (अभ्यासाच्या विषयात काही काळ काम करायची वेगळी परवानगी) जाते. आणि असोसिएट डिग्रीवर स्टेम ओपीटी (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांना मिळणारी ओपीटीची मुदतवाढ) मिळत नाही, त्याला किमान बॅचलर लागते.

कोकणकडा
वाटाड्या, हे विचारलंय कुणी?

ओसरी
विचारलं नव्हतं, पण काही मुली एफ-1 वर आहेत, तेव्हा आभार. त्यांना आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात पाठवते.

पायवाट
आमच्याकडे महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानंतर ओजेटी (ऑन-द-जॉब ट्रेनिंग) आली. तिथेही हीच रड आहे. कंपनी प्रमाणपत्र देते, मुलगा तिथे नेमकं काय शिकला हे कुणी बघत नाही. तुमच्याकडे प्राध्यापक कंपनीत जाऊन बघतात का?

मधली सुट्टी
आमच्याकडेही नाही बघत! त्यावर वेगळा धागा काढायला हवा.

तळटीप
भरकटतोय. ओसरीताई, 3 क्रेडिटला एकूण तास किती धरलेत?

ओसरी
135. सेमिस्टर 15 आठवड्यांचं.

तळटीप
म्हणजे आठवड्याला 9 तास. मग पाच दिवस दिवसभर कशाला? एक पूर्ण दिवस आणि थोडं वर, किंवा दोन अर्धे दिवस. कंपन्यांशी हे आधी बोला.

आता पैशांचं. फायनान्शिअल एडच्या (विद्यार्थ्यांच्या आर्थिक मदतीच्या) कार्यालयात जाऊन फेडरल वर्क-स्टडीबद्दल विचारा, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांच्या कामाच्या पगारातला काही भाग केंद्र सरकार देतं ती योजना. पात्र विद्यार्थ्याला त्यातून कॉलेजबाहेरही काम देता येतं. नफा न कमावणारी संस्था असेल तर पगाराचा 75 टक्क्यांपर्यंत भाग केंद्राचा, खाजगी कंपनी असेल तर 50 टक्क्यांपर्यंत, आणि तिथलं काम अभ्यासक्रमाशी जोडलेलं हवं. निम्माच पगार द्यायचाय म्हटल्यावर लहान कंपन्याही ऐकतात, हा माझा अनुभव. त्याच निधीतून 10 टक्के किंवा 75,000 डॉलर, यातली कमी रक्कम, बाहेरच्या नोकऱ्या शोधून देण्याच्या कामावर वापरता येते. ती विद्यार्थ्यांच्या पगारावर वापरता येत नाही, पण तुमच्यासोबत एक अर्धवेळ माणूस त्यातून बसू शकतो. एफ-1 वाल्यांना वर्क-स्टडी लागू नाही, त्यांच्यासाठी कंपनीनेच पूर्ण पगार द्यायला हवा.

धोपटमार्ग
निम्म्या पगाराचं हे मला माहीत नव्हतं. असं असेल तर माझा विरोध नाही.

जमाखर्च
अकाउंटिंगवाल्यांसाठी व्हिटा बघा. कमी उत्पन्नाच्या लोकांची कर विवरणपत्रं मोफत भरून देण्याचा हा आयआरएसचा (इथल्या आयकर खात्याचा) कार्यक्रम. मुलांना परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावं लागतं, मग ती खऱ्या माणसासमोर बसून खरं विवरणपत्र भरतात. अनेक केंद्रं संध्याकाळी आणि शनिवारी चालतात, त्यामुळे नोकरी सोडावी लागत नाही. हंगाम जानेवारी ते एप्रिल, म्हणजे स्प्रिंग सेमिस्टरला बरोबर बसतो.

तळटीप
उत्तम. तेही मुळात बिनपगारी आहे, पण समाजसेवेचं काम असल्याने वर्क-स्टडीत बसवता येईल. कॉलेजला त्या निधीचा निदान 7 टक्के भाग समाजसेवेच्या कामावर खर्च करावाच लागतो, फायनान्शिअल एडवाले अशा जागा शोधतच असतात.

ओसरी
फायनान्शिअल एडची उद्याची वेळ घेतली. कंपन्यांना 9 तासांचं आजच लिहिते. फीचं काय करू? आणि आयटीच्या मुलांसाठी व्हिटासारखं काही आहे का?

तळटीप
फीसाठी 3 ऐवजी 1 क्रेडिटचा पर्याय डीनकडे मागा, तास त्याच प्रमाणात कमी. आयटीसाठी आधी घरातच बघा. तुमच्याच कॉलेजच्या हेल्पडेस्कला माणसं कमी असतील. तिथे वर्क-स्टडीवर जागा काढा, प्रवास नाही आणि वर्गाच्या मधल्या वेळात काम होतं.

ओसरी
हेल्पडेस्क माझ्या खोलीच्या खालच्याच मजल्यावर आहे. त्यांच्या प्रमुखांना आत्ताच भेटते.