आईला वहिनीच्या बाळंतपणासाठी नैरोबीला जायचंय, पण यलो फीव्हरची लस तिला चालेल का? मदत हवी आहे

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

माझा भाऊ आणि वहिनी नैरोबीला असतात. वहिनीला सहावा महिना आहे. तिला आई नाही, त्यामुळे बाळंतपणाला माझी आईच जाणार हे घरात कधीचंच ठरलंय. आई ६३ वर्षांची, बाबा ६७. त्यांना पोचवायला मी आणि माझी आठ वर्षांची लेक जाणार. आम्ही नाशिकला राहतो.

अडचण आईच्या औषधांची आहे. तिला आमवात आहे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, रोज थोडं स्टेरॉइड आणि सोबत एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन) चालू आहे. औषधं सुरू होण्याआधी सकाळी तिची बोटं इतकी आखडायची की चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून प्यायची. आता ती पोळ्या लाटते, वेणी घालते. म्हणून औषध बंद करून लस द्यायची, हा मार्ग मला नकोच आहे.

मी जे वाचलं आणि विचारलं त्यावरून एवढं कळलं की केनिया आपल्याकडे, म्हणजे थेट भारतातून येणाऱ्यांकडे, यलो फीव्हरचं प्रमाणपत्र मागत नाही. मागतो तो भारत, परत येताना. कारण केनियात हा आजार आहे आणि आपल्याकडे नाही. पण तो पसरवणारा एडिस डास, तोच डेंग्यूवाला, आपल्याकडे प्रत्येक कॉलनीत आहे. आजार एकदा आत आला तर काय होईल याची भीती खरी आहे, त्यामुळे नियमाबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार आहे ती तिकिटं काढून देणाऱ्या माणसाबद्दल. आईची औषधं सांगितल्यावर तो म्हणाला, "ताई, टेन्शन घेऊ नका, सुई न टोचता पिवळं कार्ड करून देतो, सगळे करतात." मी नाही म्हटलं. ते कार्ड म्हणजे लशीचं प्रमाणपत्र, त्यावर लशीचा बॅच नंबर असतो, डॉक्टरची सही असते. उद्या आईला तिकडून आल्यावर ताप आला आणि डॉक्टरांनी कार्ड बघून "लस झालीय, यलो फीव्हर नसणार" असं धरलं तर? कागद खोटा असला तरी आजार खराच असतो. शिवाय आपल्या एका कार्डासाठी शेजारपाजारच्या सगळ्यांना धोक्यात घालायचं, हे मला पटत नाही.

तर माझे प्रश्न असे. आईला लस देता येत नसेल तर कायदेशीर मार्ग कोणता? परतल्यावर तिला विमानतळावर अडवतील का? बाबांना मधुमेह आहे आणि वय ६७, त्यांनी घ्यावी का? वहिनीच्या बाळासाठी आम्ही मोठ्यांनी काही लशी घ्यायला हव्यात का? आणि आई एचसीक्यू घेतेच, तर तिला मलेरियाची गोळी वेगळी लागणार नाही, असं एकजण म्हणाले. हे खरं आहे का?

आमच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहेच. पण जाताना नेमकं काय विचारायचं हे माहीत असलं तर बरं पडेल.

सह्यकडा

मी फिजिशियन आहे. तुमच्या आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांच्या संधिवाततज्ज्ञांचा.

यलो फीव्हरची लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते. मेथोट्रेक्सेट आणि स्टेरॉइड प्रतिकारशक्ती दाबतात, म्हणून तो दुबळा विषाणूही अशा शरीरात डोईजड होऊ शकतो. मात्रा किती आहे यावर बरंच अवलंबून असतं, पण तुम्ही सांगता तशी दोन औषधं एकत्र आणि वय ६३, पहिलाच डोस, हे पाहता मी स्वतः लस देणार नाही. साठीनंतर पहिल्यांदा ही लस घेणाऱ्यांत यकृत, मूत्रपिंड किंवा मेंदूवर गंभीर परिणाम होण्याचं प्रमाण तरुणांपेक्षा जास्त असतं. प्रकार दुर्मीळ आहे, पण झाला तर जिवावर बेततं. लशीसाठी औषध मधेच थांबवणं हा तर माझ्या दृष्टीने वाईटातला वाईट पर्याय.

त्या पिवळ्या कार्डाच्या पुस्तिकेतच वैद्यकीय कारणाने लस देता येत नाही, असं लिहायची जागा असते. संधिवाततज्ज्ञांकडून निदान, औषधांची नावं, मात्रा आणि कारण लेटरहेडवर लिहून घ्या, ते पत्र घेऊन मान्यताप्राप्त लसीकरण केंद्रात जा आणि त्यांच्याकडून पुस्तिकेत नोंद करून घ्या. दीर्घ आजारामुळे लस न देता येणाऱ्यांसाठी आपल्याकडच्या नियमात सवलतीची तरतूद आहे. पण उतरल्यावर सोडायचं की अलग ठेवायचं, हे विमानतळावरचा आरोग्य अधिकारी ठरवतो. अलग ठेवलंच तर जास्तीत जास्त सहा दिवस, कारण डास चावल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सहा दिवस लागतात. त्या तयारीने औषधं हातातल्या बॅगेत ठेवा.

धोका किती, हेही बघा. नैरोबी आणि मोम्बासा शहरांपुरतंच राहणाऱ्यांना या लशीची सहसा शिफारस केली जात नाही. आई बाळंतिणीपाशी घरातच राहणार असतील तर आजाराचा धोका फार कमी आहे. मसाई माराच्या अभयारण्यात वगैरे फिरायचं असेल तर मात्र हिशोब बदलतो. आईंनी तो मोह टाळावा.

बाबांना मधुमेह आहे म्हणून लस नाही, असं नसतं. प्रश्न वयाचा आहे. ते कुठे फिरणार आहेत आणि बाकी काय आजार आहेत, ते बघून डॉक्टर ठरवतील. तुम्ही आणि मुलगी, अंड्याची तीव्र ॲलर्जी नसेल तर, निःशंक घ्या. मुलीची कांजिण्यांची किंवा एमएमआरची (गोवर-गालगुंड-रुबेला) लस राहिली असेल तर ती यलो फीव्हरच्या दिवशीच किंवा चार आठवड्यांच्या अंतराने घ्यावी लागते. हे केंद्रात आठवणीने सांगा.

एचसीक्यूबद्दल तुम्हाला जे सांगितलं ते चूक आहे. आफ्रिकेतला मलेरिया मुख्यतः फाल्सिपेरम जातीचा आणि क्लोरोक्वीनच्या घराण्यातल्या औषधांना तो फार वर्षांपासून दाद देत नाही. आईंच्या गोळीने आमवात आटोक्यात राहील, मलेरिया नाही.

जाई_जुई

बाळाबद्दल कोणीतरी विचारलं हे बघून बरं वाटलं! आमच्याकडे माझ्या भाचीच्या वेळी बालरोगतज्ज्ञांनी घरातल्या सगळ्या मोठ्यांना डांग्या खोकल्याची लस घ्यायला लावली होती. टीडॅप म्हणतात तिला, त्यात धनुर्वात आणि घटसर्पही येतात. मोठ्या माणसाला डांग्या खोकला झाला तर तो नुसता लांबलेला खोकला वाटतो, पण पहिल्या काही आठवड्यांच्या बाळाला तो जीवघेणा ठरू शकतो, कारण बाळाची स्वतःची लस तेव्हा झालेलीच नसते. भेटीच्या निदान दोन आठवडे आधी घ्या. वहिनींनाही २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान द्यायची असते, त्यांच्या डॉक्टरांना विचारायला सांगा.

@सह्यकडा, ही लस मेथोट्रेक्सेटवर चालते ना?

सह्यकडा

हो, ही जिवंत लस नाही. टीडॅप, फ्लूची इंजेक्शनवाली लस, टायफॉइडचं इंजेक्शन, हिपॅटायटिस ए ची निष्क्रिय लस, सगळ्या चालतात. फक्त औषधांमुळे परिणाम थोडा कमी मिळू शकतो. आईंच्या पिढीतल्या बहुतेकांना लहानपणीच हिपॅटायटिस ए होऊन गेलेला असतो, तेव्हा त्यांच्यापेक्षा तुमच्या मुलीला त्या लशीची गरज जास्त. टायफॉइडची मात्र दोघींना घ्या.

मुक्कामपोस्ट

कामानिमित्त पूर्व आफ्रिकेत येणं-जाणं असतं. कागदांचं सांगतो.

प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहाव्या दिवसापासून लागू होतं, आधी नाही. ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, दर दहा वर्षांनी पुन्हा घ्यायची गरज राहिलेली नाही. पुस्तिकेतलं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. मुंबईत विमानतळ आरोग्य संघटनेकडे आणि जे. जे. रुग्णालयात केंद्र आहे. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि पातळ केल्यावर ती काही तासांत संपवावी लागते. म्हणून ठरावीक वारी, आधी नाव नोंदवूनच बोलावतात. नाशिकहून जाणार तर फोन करून, तारीख पक्की करून मगच निघा.

आईंसाठी आणखी एक. हा नियम यलो फीव्हरच्या देशातून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्यांसाठी आहे. परतताना आजार नसलेल्या एखाद्या देशात नातेवाईकांकडे तेवढे दिवस राहणं शक्य असेल तर अडचणच येत नाही. पण तो मधला देशही प्रमाणपत्र मागत नाही ना, हे आधी बघा. केनियाहून येणाऱ्यांकडे बरेच देश मागतात. टांझानियाही मागतो, म्हणजे झांझिबारला जाऊन येऊ म्हणाल तर आईंसाठी ते नाही.

आणि हो, दुबईमार्गे जाणार असाल तर डिंकाच्या लाडवात खसखस घालू नका! अमिरातीत खसखशीवर बंदी आहे आणि तिथे हे फार गंभीरपणे घेतात.

नैरोबीकर

इथे बरीच वर्षं आहे. नैरोबी सतराशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, त्यामुळे शहरात मलेरिया फार कमी. मोम्बासाचा किनारा आणि किसुमूकडचा व्हिक्टोरिया सरोवराचा भाग मात्र वेगळा, तिथे गोळी घेतल्याशिवाय जाऊ नये. जून ते ऑगस्ट इथे चांगली थंडी असते. आमवाताला ती सोसत नाही, आईंसाठी लोकरी मोजे आणि हातमोजे घ्या. आगा खान हॉस्पिटलमध्ये तज्ज्ञ मिळतात. मेथोट्रेक्सेट आठवड्याचं आहे हे प्रिस्क्रिप्शनवर ठळक लिहून आणा, औषधाचं मूळ नाव असू द्या. परक्या दुकानात कोणी रोज एक असं सांगितलं तर अनर्थ होईल.

बाबा इन्सुलिन घेत असतील तर ते खालच्या सामानात टाकू नका, तिथे गोठू शकतं.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. संधिवाततज्ज्ञांना भेटून आलो. त्यांनीही लस नको असंच सांगितलं आणि पत्र लगेच दिलं. आईचा मसाई मारा रद्द, "मी काय सिंह बघायला चाललेय का" असं म्हणाली. टीडॅप आणि फ्लू आम्ही सगळ्यांनी घेतली, आई आणि लेकीचं टायफॉइडही झालं. लाडू खसखशीशिवाय होतील. बाबांची ईसीजी आणि रक्ततपासणी झाली की त्यांचं ठरेल, ते पुढच्या आठवड्यात.

पत्रावर पुस्तिकेत नोंद करून घ्यायला आईला केंद्रात स्वतः न्यावं लागतं का, हे कोणी अलीकडे केलं असेल तर सांगा. तिला नाशिक-मुंबई प्रवास एका दिवसात झेपत नाही, मग मुक्कामाची सोय बघावी लागेल. आणि नाशिकहून आणखी कोणी लशीला जाणार असेल तर कळवा, एकाच तारखेला नावं देऊ, गाडीत दोन जागा आहेत.