अनुभव धागा: पैसे जमवून विमान वाढवायचे ते गोळीबाराचे जुने गेम

मंडळी, वरून शत्रूची विमानं उतरताहेत, खाली आपलं एकटं विमान, आणि बटणावरचा अंगठा उचलायचा नाही, असे गेम आपण सगळ्यांनीच खेळलेत. या धाग्यात मला त्यातल्या एका खास जातीबद्दल ऐकायचंय. नुसता जीव वाचवून तिथे भागत नाही, विमान वाढवावं लागतं. शत्रू पाडून पैसे मिळवा, दुकानात जा, तोफ घ्या, कवच घ्या. किंवा एकच शस्त्र वापरून वापरून त्याची पातळी चढवा. रोल-प्लेइंग गेममधली (ज्यात आपलं पात्र हळूहळू वाढवत न्यायचं असतं) ही गोष्ट गोळीबारात आली की खेळणारा विचार करायला लागतो, असं माझं ठाम मत आहे. तुम्ही कुठे खेळलात, कशावर खेळलात, पहिला पैसा कशावर घातलात, सविस्तर लिहा. सुरुवात मी करतो.

संभाजीनगर (धागाकर्ता)

माझा गेम टायरियन. १९९५ सालचा, एपिक मेगागेम्सने काढलेला. मी तो खेळलो फार उशिरा, टीव्ही सेंटरजवळच्या खोलीवर, रूममेटच्या जुन्या कॉम्प्युटरवर. दोन लढायांच्या मध्ये दुकान लागतं. पुढची तोफ, मागची तोफ, कवच, जनरेटर, दोन्ही बाजूंचे सोबती, सगळं वेगवेगळं विकत घ्यायचं. तोफेची ताकद अकरा पायऱ्यांपर्यंत वाढते. नवखा माणूस सगळा पैसा तोफेवर घालतो आणि मग कवच भरतच नाही, कारण तोफ आणि कवच दोघंही एकाच जनरेटरवर चालतात. डीपी लहान आणि त्यावर मोटारी वाढवत नेल्या की शिवारात जे होतं, तेच इथं होतं. म्हणून माझा सल्ला: आधी जनरेटर, मग बाकीचं. आणखी एक चांगली गोष्ट म्हणजे जुनी तोफ बदलताना तिची किंमत परत मिळते. त्यामुळे बिनधास्त प्रयोग करता येतात. मी रात्र रात्र लढण्यापेक्षा त्या दुकानातच जास्त रमायचो. अलेक्झांडर ब्रँडनचं संगीतही ऐकाच, दुकानात थांबावंसं वाटतं त्यात त्याचाही वाटा आहे.

परभणी

आमच्याकडं कॉम्प्युटर नव्हता, टीव्हीला जोडायचा गेम होता. पिवळी कॅसेट, वर लिहिलेलं '९९९९ इन १', आणि आत तेच ते गेम नाव बदलून. त्यात ग्रेडियस होता. कोनामीचा, १९८५ चा. दुकान नाही त्यात, पण खाली एक पट्टी असते. लाल कॅप्सूल उचलली की पट्टीवरचा उजेड एक घर पुढं सरकतो. कुठल्या घरावर थांबून बटण दाबायचं ते आपण ठरवायचं: वेग, क्षेपणास्त्र, दुहेरी गोळी, लेसर, की सोबत फिरणारे गोळे. मी आधी वेग घ्यायचो, थोरला भाऊ म्हणायचा, 'थांब रे, लेसरपर्यंत जाऊ दे.' यावरून आमची लय भांडणं झाली.

एकदा मेलं की सगळं जातं, हा त्या गेमचा कायदा. आणि आमच्याकडं तर न मरताही जायचं. भारनियमनाचे दिवस होते ते. लेसर लागलेला, दोन गोळे मागं फिरायलेत, आणि लाईट गेली. कॅसेटीत सेव्ह नावाची गोष्टच नव्हती. नंतर कुणीतरी सांगितलं की गेम थांबवून वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी आणि मग दोन बटणं दाबली की बहुतेक सगळी शस्त्रं मिळतात. १९८६ च्या कॅसेटीसाठी काझुहिसा हाशिमोतो यांनी ती युक्ती घातली होती, हे खूप वर्षांनी वाचलं. आम्हाला तर ती लाईट आल्यावरची भरपाईच होती.

लातूर

रॅप्टर! १९९४. सिग्नस स्टुडिओजने बनवलेला, अपोजीने बाजारात आणलेला. त्याचा पहिला भाग, ब्राव्हो सेक्टर, फुकट वाटायचे, तोच आमच्याकडे सीडीवर आला होता. क्लासेसच्या वेळा सांभाळून दादा आणि मी एकाच वैमानिकाच्या नावावर खेळायचो, म्हणजे कमाई सामाईक. यात गुण आणि पैसे एकच असतात. जेवढं पाडाल तेवढे खर्चायला. दादाचं म्हणणं, कवचाचा जादा थर आधी घ्यायचा. मला मेगाबॉम्ब हवा असायचा. मी ट्यूशनला गेलो की तो माझं सामान विकून टाकायचा, आणि मी परत आलो की त्याचं! विकायची सोय होती हीच अडचण.

वरच्या परभणीकरांना सांगते की सेव्हची किंमत आम्हालाही कळायची. लढाई संपून हँगरमध्ये पोचलो की पहिलं काम सेव्ह, मग पाणी प्यायला उठायचं.

बीड

माझं मत वेगळं आहे. दुकान आलं की कौशल्य मागे पडतं. सोप्या भागात पुन्हा पुन्हा उडून पैसा गोळा करायचा आणि मग जड शस्त्रांनी कठीण भाग चिरडायचा, यात हाताची परीक्षा कुठे आहे? गॅलगा बघा. तिथे काहीच विकत मिळत नाही. शत्रूला आपलं विमान पकडू द्यायचं, मग सोडवून आणून दोन विमानं जोडीने चालवायची. जोखीम घेतली तरच बळ वाढतं. मला तेच आवडतं.

नांदेड

बीडकर, एरिया ८८ खेळा. कॅपकॉमचा, १९८९ चा. स्टेशनजवळच्या पार्लरमध्ये 'मुस्तफा' या मारामारीच्या गेमला गर्दी असायची, हा मात्र रिकामा मिळायचा. भाडोत्री वैमानिक आहात, पैसे मिळतात, पण पुढच्या मोहिमेला कोणतं शस्त्र न्यायचं ते आधी ठरवावं लागतं. जमिनीवरचे रणगाडे असतील आणि तुम्ही आकाशात मारायचं घेतलं तर गेलात.

जालना

बीडकरांच्या शंकेला माझ्याकडे उत्तर आहे: रेडियंट सिल्व्हरगन. ट्रेझरचा, १९९८ चा. सेगा सॅटर्न या कन्सोलवरचा तो गेम आपल्याकडे कुणी पाहिलाही नसेल, मीसुद्धा २०२३ मध्ये स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात आला तेव्हा घेतला. यात दुकान नाही. जे शस्त्र वापराल त्याची पातळी वाढते. एकाच रंगाचे शत्रू सलग पाडले तर गुण भराभर वाढतात आणि शस्त्रही भराभर मजबूत होतं. म्हणजे जो चांगला खेळतो त्यालाच बळ मिळतं. आणि कच्च्या खेळाडूसाठी वेगळी सोय आहे: सॅटर्नच्या पद्धतीत मेलात तरी शस्त्रांची पातळी सेव्ह होते, पुढच्या वेळी सुरुवातीपासून तीच घेऊन निघा. दोघांनाही न्याय. माझ्या मते या जातीतला सर्वोत्तम विचार हाच.

धाराशिव

टायरियन हवा असणाऱ्यांसाठी: तो २००४ पासून मोफत आहे. ओपनटायरियन नावाची नवी आवृत्ती जुन्या लॅपटॉपवरही चालते, फक्त मूळ गेमच्या फायली त्याच फोल्डरमध्ये टाकाव्या लागतात, त्याही फुकटच मिळतात. मी आणि माझी मुलगी दोघींचा खेळ लावतो. त्यात दोन विमानं एकमेकांना जोडून एक करता येतात. ती चालवते, मी तोफ फिरवते.

हिंगोलीचं अजून कुणीच लिहिलं नाही. आणि लातूरच्या ताई, शेवटी पैसा कवचावर गेला की बॉम्बवर, ते सांगायचं राहिलं तुमचं.